हयात असेल त्याचे पदक

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्या घरोघरी जुनी चांदी बाहेर निघते. निरांजन, अत्तरदाणी, कुंकवाचा करंडा, आणि फडक्यात गाठ मारून ठेवलेले चार-दोन राणीछाप रुपये. त्यांत एखादा १८४० सालचा असला, तर ताटात मांडण्यापूर्वी तो जरा उजेडात धरून पाहावा. अशा कित्येक रुपयांवर राणीच्या मानेखाली दोन बारीक अक्षरे सापडतात: डब्ल्यू. डब्ल्यू. हा विल्यम वायन, लंडनच्या टांकसाळीतला आपल्या काळचा सर्वांत नामांकित ठसेकार. व्हिक्टोरिया राणीचा तरुण चेहरा हिंदुस्थानच्या घराघरात नेला तो याने. त्याच वायनने राणीचा तसाच चेहरा आणखी एका चांदीच्या चकतीवर कोरला. ती चकती रुपयापेक्षा अंगाने थोडी मोठी, सुमारे ३६ मिलिमीटर व्यासाची. वर फिकट निळी फीत. आणि फितीवर एक किंवा अधिक आडव्या चांदीच्या पट्ट्या. एका बाजूला राणी. दुसऱ्या बाजूला बसलेली विजयदेवता, तिच्या हाती लॉरेलची डहाळी आणि हार, मागे ताडामाडासारखे एक झाड आणि शस्त्रांचा ढीग. वरच्या अंगाला 'हिंदुस्थानच्या फौजेस' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे, खाली १७९९-१८२६.

हे पदक आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. पण त्याच्या पट्ट्यांवरची नावे वाचली की मराठी माणूस दचकून बसतो. असाई, आरगॉम, गाविलघर, किर्की, पूना, सीताबल्डी, नागपोर, कोरीगॉम! इंग्रजी जिभेवर वेडीवाकडी झालेली ही आपलीच गावे. असई आणि अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, कोरेगाव. आपल्या दौलतीचा अस्त ज्या ज्या ठिकाणी झाला, त्या त्या ठिकाणाची एकेक चांदीची पट्टी कंपनी सरकारने पाडून घेतली होती.

तरी माझे कुतूहल पट्ट्यांपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीने चाळवले. हे पदक कोणाला मिळायचे, आणि कोणाला मिळायचे नाही?

त्याची हकिगत थोडी मागून सांगितली पाहिजे. कंपनीच्या फौजेत पदके वाटण्याची चाल सुरू झाली तीच मुळी मराठ्यांशी लढताना. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात बंगालची एक फौज काल्पीहून निघाली आणि बुंदेलखंड, भोपाळ, बऱ्हाणपूर असा सारा मुलूख तुडवीत १७७९ च्या प्रारंभी जनरल गॉडर्डच्या हाताखाली सुरतेस पोचली. वडगावला नाक कापून घेऊन बसलेल्या मुंबईकरांना तिने आधार दिला. ते शिपाई घरी परतल्यावर, १७८४ नंतर, त्यांना कंपनीने जे पदक दिले ते 'दख्खनचे पदक'. त्यावर फारसी मजकूर होता, फीत नव्हती, दोऱ्यात ओवून ते गळ्यात घालायचे. सुभेदारांना सोन्याचे आणि खालच्यांना चांदीचे. गंमत अशी की ते केवळ देशी शिपायांसाठी होते. गोऱ्या अंमलदाराला त्यातले काही मिळाले नाही! पुढे १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, तेव्हा मात्र पदक सर्वांना मिळाले, पण धातू हुद्द्याप्रमाणे. जनरलाला सोने, त्याखाली सोन्याचा मुलामा, मग चांदी, मग कांसे, आणि साध्या शिपायाला कथलाचा तुकडा. पदक एक, पण ते छातीवर पाहताच माणसाची पायरी कळावी, अशी व्यवस्था.

आपल्या निळ्या फितीच्या पदकात ही पायरी मोडली. गोरा कर्नल असो की कोकणातला नाईक, धातू एकच, आकार एकच. वरवर पाहता केवढा मोठा न्याय! पण त्याला एक अट होती, आणि सारी मेख त्या अटीत आहे.

झाले असे. युरोपात नेपोलियनशी लढलेल्या इंग्रज सैनिकांपैकी बहुतेकांना कित्येक वर्षे पदक म्हणून काही मिळालेच नव्हते. अंमलदारांना सोन्याचे क्रॉस आणि पदके मिळाली. शिपाई कोरडाच राहिला. ड्यूक ऑफ रिचमंड हा स्वतः त्या युद्धात लढलेला सरदार. त्याने या विसरलेल्या माणसांसाठी बरीच वर्षे खटपट केली आणि १८४७ साली अखेर ते पदक निघाले. तोवर लढाया होऊन तीस-चाळीस वर्षे लोटली होती. मग हिंदुस्थानात लढलेल्यांनी विचारले, आमचे काय? कंपनीने राणीची परवानगी काढून, आपल्या खर्चाने, मार्च १८५१ मध्ये त्यांचेही पदक मंजूर केले. अट अशी की त्या लढाईत तुम्ही हजर असला पाहिजे आणि आज तुम्ही हयात असला पाहिजे. मेलेल्याच्या नावे त्याच्या विधवेने किंवा मुलाने मागायचे नाही.

वाचकहो, आता थोडा हिशेब करू. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. त्या दिवशी केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, आजच्या जालना जिल्ह्यात, आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिंदे-भोसल्यांच्या तोफखान्यावर चाल केली. कंपनीच्या बाजूचे ४२८ ठार झाले आणि ११३८ जखमी. त्या दिवशी वीस वर्षांचा असलेला शिपाई १८५१ साली अडुसष्ट वर्षांचा होणार. त्या काळच्या हिंदुस्थानात, दुष्काळ, पटकी, देवी आणि पुढच्या दहा मोहिमा यांतून पार पडून अडुसष्ट वर्षे जगायचे! लढाईत तोफेच्या तोंडी गेला तो तर गेलाच. पण गोळा चुकवून जो परत आला त्यालाही पदकासाठी आणखी अठ्ठेचाळीस वर्षे यमाला चुकवीत बसायचे होते.

सेनापतींचीही यातून सुटका नव्हती, हे कबूल केले पाहिजे. अलीगड, दिल्ली, लासवारी जिंकणारा लॉर्ड लेक १८०८ सालीच गेला. महिदपुरास होळकरांविरुद्ध लढलेले माल्कम १८३३ साली आणि हिस्लॉप १८४३ साली. पुणे घेणारा लायोनेल स्मिथ १८४२ साली. हयात होता तो वेलस्ली, आताचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, ब्याऐंशी वर्षांचा. तोही पुढच्या वर्षी गेला. सबंध हिंदुस्थानात आणि इंग्लंडात मिळून साऱ्या एकवीस प्रकारच्या पट्ट्यांची पदके वाटली गेली ती सुमारे साडेचार हजार. या काळात एकट्या १८१७ च्या मोहिमेला लॉर्ड हेस्टिंग्जने लाखाच्या वर फौज उभी केली होती, त्यापूर्वी नेपाळ झाले होते, पुढे ब्रह्मदेश आणि भरतपूर झाले. त्या सर्वांतून साडेचार हजार! बाकीच्यांची नावे हजेरीपटात वाळवीने खाल्ली.

एवढ्यानेही भागत नव्हते. पट्टीवाचून पदकच नाही असा नियम असल्याने, ज्या लढाईची पट्टी निघाली नाही तिथे लढलेला माणूस हयात असूनही रिकामाच. आणि पट्ट्या कुठल्या लढायांच्या काढाव्यात यातही गंमतच आहे. पदकावर साल १७९९ घातले, पण पट्ट्यांतली सर्वांत जुनी लढाई १८०३ ची! त्याच १८०३ च्या ऑगस्टात वेलस्लीने नगरचा कोट आणि किल्ला घेतला. त्याची पट्टी नाही. १८०५ साली लेकने भरतपूरच्या किल्ल्यावर चार वेळा धडका दिल्या आणि चारही वेळा मार खाल्ला. तीन हजारांवर माणूस त्यात पडले किंवा जायबंदी झाले. त्याचीही पट्टी नाही. मात्र १८२६ साली तेच भरतपूर जिंकले, त्याची आहे. म्हणजे शिपायाने किती रक्त सांडले हा प्रश्न नव्हता. साहेबाची जीत झाली की नाही हा होता.

आमच्या दृष्टीने सर्वांत चटका लावणारी गाळलेली लढाई आष्टीची. २० फेब्रुवारी १८१८ रोजी तेथे बापू गोखले पडले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. मराठी राज्याचा निकाल खऱ्या अर्थाने त्या दिवशी लागला. पण लढाई घटकाभराची, घोडदळाची, आणि कंपनीचे नुकसान फारसे नाही. तिची पट्टी कोण काढतो? याच बापू गोखल्यांबद्दल एक गोष्ट आपण सहसा विसरतो. १८०३ सालच्या मोहिमेत पेशव्यांच्या पथकांबरोबर ते वेलस्लीच्याच बाजूला होते. वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांचा हात धरला होता, तेव्हा सरदारांना दुसरी वाट काय? ज्या वेलस्लीच्या छावणीत त्यांचे राहुटे पडले, त्याच वेलस्लीच्या जातभाईंशी चौदा वर्षांनी खडकीच्या माळावर त्यांनी तलवार भिडवली. असे दोन्हीकडे उभे राहिलेले माणूस कुठल्याही पदकाच्या नियमात बसत नाही.

खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची. त्या दिवशी कर्नल बरच्या हाताखाली मूठभर पलटणी होत्या. जनरल स्मिथची मोठी फौज येऊन पोचली त्यानंतर, आणि १६ तारखेला येरवड्याकडून नदी उतरून तिने पुण्याचा रस्ता मोकळा केला. आता हा फरक पट्टीत कसा दाखवावा? तर तीन वेगळ्या पट्ट्या काढल्या. एकटी खडकी, एकटे पुणे, आणि जो दोन्हीकडे होता त्याला 'खडकी आणि पुणे' अशी जोडपट्टी. सीताबर्डी आणि नागपूर यांचेही असेच. कारकुनी डोके किती बारीक चालते पाहा! माणूस कुठल्या तारखेला कुठल्या टेकडीवर होता याचा असा काटेकोर निवाडा. आणि तो मेला असला तर मात्र सगळा हिशेब एका रेघेत बंद.

सीताबर्डीचा उल्लेख आला म्हणून एक आडकथा सांगतो. तिथे २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेशी लढलेल्यांत मद्रासच्या चोविसाव्या रेजिमेंटची एक पलटण होती. ही पूर्वी पहिल्या नंबरची पलटण. १८०६ साली वेलोरला शिपायांचा उठाव झाला, त्यात तिचे लोक सापडले आणि शिक्षा म्हणून तिचा जुना नंबर काढून घेतला गेला. सीताबर्डीनंतर तिने बक्षीस मागितले ते काय? पैसा नाही, जमीन नाही. आमचा जुना नंबर आम्हाला परत द्या! आणि तो मिळाला. शिपायाला कशाची भूक असते हे वरिष्ठांना कळायला एवढे एक उदाहरण पुरे होते.

पैशाची भूक ज्यांना होती त्यांची कथा वेगळी. दख्खनच्या लुटीत कोणी किती वाटा घ्यायचा, प्रत्यक्ष लढला त्याने की दूर छावणी टाकून बसलेल्या मोठ्या साहेबानेही, यावरून हिस्लॉपचे आणि हेस्टिंग्जच्या फौजेचे जे भांडण जुंपले ते वर्षानुवर्षे लंडनमध्ये चालले. त्या निधीच्या विश्वस्तांत खुद्द वेलिंग्टनला बसावे लागले. 'तू लढाईत हजर होतास का?' हा प्रश्न पदकापूर्वी किती तरी आधी पेशव्यांच्या सोन्यासाठी विचारला गेला होता, आणि तेव्हा त्याचे उत्तर पुष्कळ सैल होते.

आपल्याकडे अशा वेळी काय रीत होती? मराठ्यांच्या राज्यात पदक नव्हते. मर्दुमी केली तर हातात सोन्याचे कडे, अंगावर वस्त्रे, मोठ्याला पालखीचा मान, गाव किंवा जमीन इनाम. यात हुद्दा, नाते आणि वशिला यांचा भाग होताच. मी त्याचे गोडवे गाणार नाही. पण एक शब्द जुन्या दप्तरांत वारंवार भेटतो तो मला विसरता येत नाही: बालपरवेशी. लढाईत पडलेल्या माणसाच्या मुलाबाळांच्या पोटासाठी सरकारने लावून दिलेली नेमणूक किंवा जमीन. तिच्या कागदात कामी आलेल्याचे नाव येते आणि त्याखाली त्याच्या पोराचे. म्हणजे मेलेल्याचा हक्क तिथे संपत नव्हता, तिथून सुरू होत होता. कंपनीही पडलेल्या शिपायांच्या वारसांना पेन्शन देई, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण मान मात्र जिवंताला.

आणि काळाची गाठ कशी पडते पाहा. पदक मंजूर झाले मार्च १८५१ मध्ये. त्याच्या दोनच महिने आधी, २८ जानेवारीस, ब्रह्मावर्तास दुसरा बाजीराव वारला. ज्याच्याशी लढल्याबद्दल खडकी, पुणे आणि कोरेगावच्या पट्ट्या वाटायच्या, तो स्वतः तेहतीस वर्षे कंपनीचे आठ लाखांचे सालिना खाऊन नुकताच गेला होता. त्याचा दत्तक पुत्र नानासाहेब याने ते सालिना मागितले. उत्तर मिळाले, ते देणे बाजीरावाच्या हयातीपुरते होते. एकाच वर्षी, एकाच कंपनीने, पेशव्याच्या मुलाला आणि मेलेल्या शिपायाच्या मुलाला एकच जबाब दिला. नानासाहेबाने त्यावर पुढे सहा वर्षांनी काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. शिपायाच्या मुलाने काय केले ते कोणी लिहून ठेवले नाही.

आता कोरेगाव. १८१७ च्या शेवटच्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून पुण्याच्या मदतीस निघाला. बरोबर मुंबईच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, पुण्याच्या रिसाल्याचे अडीचशेच्या आसपास स्वार, आणि दोन तोफा घेऊन मद्रासचे चोवीस गोरे गोलंदाज. सगळे मिळून ८३४ माणूस. रात्रभर चालून सकाळी भीमेच्या काठी आले तो पलीकडे पेशव्यांची सबंध फौज. स्टाँटनने कोरेगावच्या घरांचा आसरा घेतला. दिवसभर गल्लीबोळांतून झुंज चालली. नदी शेजारी वाहत होती, पण तिच्यापर्यंत जाण्याची सोय नव्हती. रात्रभराची चाल आणि दिवसभराची लढाई, दोन्ही तहानेने. एक तोफ अरबांनी घेतली, ती परत घेतली गेली. रात्र पडता पडता पेशव्यांची माणसे गावातून निघाली. स्मिथ मागे येत आहे ही खबर होतीच. पेशवे दक्षिणेकडे गेले आणि स्टाँटन पुण्यास न जाता जखमींना घेऊन शिरूरला परतला. कंपनीची २७५ माणसे ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली होती, म्हणजे दर तिघांत जवळजवळ एक.

या लढाईची जीत कोणाची म्हणायची यावर वाद घालणारे घालोत. कंपनीने ती आपली धरली आणि पलटणीला ग्रेनेडिअर हा मानाचा किताब दिला. १८२१ साली भीमेच्या काठी स्तंभाचा पाया घातला. त्यावर आपल्या बाजूच्या मेलेल्यांची नावे कोरली, ४९ नावे. त्यांतली २२ नावे 'नाक' या अक्षरांनी संपतात, म्हणजे ते महार शिपाई. ज्या समाजाला गावात पाणवठ्यावर पाय ठेवू देत नव्हते, त्याच्या माणसांची नावे दगडावर कोरली जाण्याची ही गोष्ट त्या काळी काय वाटली असेल याची कल्पना आज पुरती यायची नाही.

येथे मला त्या अटीचा खरा काच जाणवला. स्तंभ मेलेल्यांचा आणि पदक जिवंतांचे. १ जानेवारी १८१८ ला जो पडला त्याचे नाव दगडावर गेले. १८५१ पर्यंत जो टिकला त्याचे नाव चांदीच्या कडेवर गेले, कारण या पदकाच्या कडेवर प्रत्येकाचे नाव घालीत. पण ज्याने तो तहानेचा दिवस काढला, शिरूरला परत आला, आणखी दहा-वीस वर्षे चाकरी केली आणि १८३० किंवा १८४० साली आपल्या गावी, आपल्या अंथरुणात मेला, त्याचे काय? तो ना दगडावर, ना चांदीवर. आणि अशांचीच संख्या मोठी असली पाहिजे. कोरेगावचा वीस वर्षांचा पोरगा १८५१ साली त्रेपन्नाचा. असईवाल्यापेक्षा त्याला संधी बरी, एवढेच.

मुंबईच्या फौजेतला बराच शिपाई रत्नागिरीकडचा. चाकरी संपली की तो पेन्शन घेऊन कोकणात परते. दापोलीच्या कॅम्पात अशा पेन्शनी लोकांची वस्तीच होती. १८५१ च्या हुकुमाने त्यांच्यातल्या ज्या म्हाताऱ्यांच्या छातीवर निळी फीत लागली असेल, त्यांनी ती सणावाराला कशी मिरवली असेल आणि नातवंडांनी ती किती वेळा ओढून पाहिली असेल, हे आपण मनाशी रंगवायचे. पुढे त्यांच्या घरांतून ही पदके कुठे गेली हा प्रश्न मी अनेकांना विचारला. एका वृद्ध सराफाने सरळ सांगितले, 'अहो, चांदी ती. अडल्या दिवसांत रुपयाच्या भावात यायची. बाईंचा चेहरा मुशीत सगळ्यांत शेवटी विरघळायचा.' ज्या थोड्या पदकांनी मूस चुकवली ती आज परदेशी संग्रहांत आणि लिलावांत सापडतात, आणि त्यांच्या कडेवरची देशी नावे वाचायला जाणकार लागतो, इतकी ती इंग्रजी अक्षरांत मोडलेली असतात.

त्या नावांचा उपयोग मात्र संपला नव्हता. १८९० नंतरच्या वर्षांत सरकारने महारांची फौजेतली भरती बंद केली. तेव्हा दापोलीचेच एक पेन्शनी हवालदार, गोपाळ बाबा वलंगकर, यांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला आणि आपल्या लोकांच्या जुन्या चाकरीची सरकारला आठवण दिली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी आले. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. दर वर्षी त्या तारखेला आता भीमेच्या काठी लाखो माणसे जमतात, रांगेत उभी राहून स्तंभाजवळ येतात आणि त्यातली लिहिता-वाचता येणारी पोरे म्हाताऱ्यांना दगडावरची नावे मोठ्याने वाचून दाखवतात.